गावपळणीतली फटफटी

यंदा पुन्हा देवाचा कौल झाला. भाचीचा आचऱ्याहून फोन आला, "आत्ये, गावपळण ठरली. येतंस मां?" मी म्हटलं, माझे गुडघे काय म्हणतात ते त्यांना विचारून सांगते. ती हसली. मी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. कुडाळच्या आमच्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्यांची पाण्याची टाकी. तरी मला पेंढ्याचा वास आला. भात कापून झालेल्या कुणग्यांतला, दवाने भिजलेल्या आणि नुकत्याच उन्हाला लागलेल्या पेंढ्याचा. मार्गशीर्षातली थंडी माझ्या नाकात अशी कायमची बसली आहे.

इथल्या शेजारणी मला अजून विचारतात, गावपळण म्हणजे नेमकं काय हो? काय सांगणार! देवाचा कौल झाला की अख्खा गाव उठतो आणि वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री-मांजरं, टोपल्यांखाली झाकलेल्या कोंबड्यासुद्धा जातात. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा आवाज होत नाही. गाव देवाचा, आपण त्याचे भाडेकरू. मालकाला कधी तरी घर मोकळं मिळायला नको का? तिसरा दिवस सरला की पुन्हा कौल लावायचा, आणि देवाने होय म्हटलं तर परतायचं. हे सगळं ऐकून शेजारणी "बाई बाई!" म्हणतात आणि भाजी निवडायला लागतात.

पण आम्हा पोरींना ते दिवस म्हणजे सण होता. वायंगणीच्या हद्दीत, माळावर, नारळीच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहायच्या. एरवी गडग्याच्या अलीकडून-पलीकडून भांडणाऱ्या बायका तिथे एका चुलीवर कुळथाची पिठी शिजवायच्या. खाडीतले मासे यायचे, दुपारी फुगड्या, संध्याकाळी भजन, आणि गजालींना तर वेळकाळच नसायचा. मधूनच कोणीतरी बोलता बोलता थांबून गावाच्या दिशेला बघायचं. माड दिसायचे, देवळाचा कळस दिसायचा आणि धूर मात्र कुठेच दिसायचा नाही. स्वतःचंच घर लांबून असं पाहायला मिळणं फार विचित्र असतं. कितीदा पाहिलं तरी मला त्याची सवय झाली नाही.

इतरांना गावपळण म्हटलं की हे सारं आठवत असेल. मला आधी वसंतादादाची फटफटी आठवते.

वसंतादादा माझा चुलत भाऊ. काकीचा एकुलता एक. काका तो लहान असतानाच गेले, आणि काकीने त्याला भाताच्या चार कुणग्यांवर आणि स्वतःच्या जिभेवर वाढवला. तो कोल्हापूरला गॅरेजात राहून काम शिकला आणि परत आला तो लष्कराने मोडीत काढलेल्या एका मोटरसायकलीवर बसून. महायुद्ध संपून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या टाकीवरचा हिरवा रंग अजून टिकून होता. गावात तोवर सायकली होत्या, घाटावरून येणारी मोटार होती, पण एका माणसाच्या मालकीची अशी गाडी नव्हती. रोज सकाळी तो तिच्यावरून मालवणला मोटारींच्या कारखान्यात कामाला जायचा आणि दिवेलागणीला परतायचा.

आमच्या किनाऱ्यावर लोखंडाला दीर्घायुष्य नाही. खारा वारा विळीचं पातं खातो, खिडकीचे गज खातो, विहिरीच्या रहाटाचा कणा खातो. फटफटीचा तर त्याने फन्नाच उडवला. सगळ्यात आधी गेला तो सायलेन्सर. आधी त्याच्यावर तांबूस फोड आले, मग पापुद्रे सुटले, मग भोकं पडली. वसंतादादा त्यांच्यावर डब्याचा पत्रा ठोकायचा, तारेने आवळायचा. पहिल्या खड्ड्यापर्यंत पत्रा टिकायचा. पुढे पुढे असं झालं की गाडी दोन वाड्या पलीकडे असतानाच तिचा बोभाटा घरात पोचायचा, गोठ्यातली म्हैस दावं ताणायची, आणि काकी तव्यावर भाकरी टाकायची. "माझो झिल येता तां कोणाक सांगूक नको," ती म्हणायची. "देवळातल्या देवाकय कळता."

हे ती कौतुकाने म्हणायची. त्यात काही वेगळं भरलेलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्याने कोल्हापूरहून नवा सायलेन्सर मागवला. गोणपाटात बांधलेला तो नग फोंडाघाट उतरून मोटारीच्या टपावरून आला. गोणपाट सोडलं तसा ग्रीजचा वास पडवीभर पसरला. लांबलचक, चकचकीत, त्यात तोंड दिसेल असा. बिचाऱ्या म्हाताऱ्या गाडीला तो शोभतही नव्हता. नाकापेक्षा मोती जड. काकीने त्याला हळदकुंकू लावलं आणि खुंटीला टांगून ठेवला. आल्यागेल्याला ती तो दाखवायची, जशी काही सून आणली होती.

कौल झाला, पळणीचा दिवस ठरला आणि वसंतादादाला नेमका तेव्हाच हुरूप आला. म्हणाला, एका दुपारचं काम. जुना काढायचा, नवा चढवायचा. ज्याने गंजलेला नट कधी सोडवला आहे तोच जाणे, असल्या दुपारी किती लांब असतात. त्याने नटांवर रॉकेल सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. पाना लावला तर नटांचे कोन झिजून ते गोल झाले. छिन्नी लावली, हातोडा घातला. मागचा बोल्ट तुटला तो तुटलाच. जुना सायलेन्सर मधोमध दुमडून हातात आला, आतून तांबडा भुगा भसाभस अंगणात पडला. पण इंजिनाला जिथे नळी जुळते तिथली कडी काही केल्या सुटेना. मी त्याला पाने उचलून देत होते आणि त्याची थट्टा करत होते. "दादा, देवाक कौल लाव. सुटता काय इचार." तो घामाने निथळत म्हणाला, "गप गो मेले. तुझ्या लग्नात ह्याच फटफटीवरसून तुका पाठवतलंय, आवाज येवचो नाय तेव्हा कळात."

कडी सुटली ती निघायच्या दिवशी सकाळी. नव्याची नळी लावून पाहतो तर तिचं तोंड जरासं मोठं. कानशीने घासायला हवं होतं. तो घासायला बसला आणि देवळात नगारा वाजला.

मग जो वाद झाला तो आठवला की मला अजून हसू येतं, आणि हसू आलं की पाठोपाठ वाईट वाटतं. फटफटी वेशीबाहेर न्यायची की नाही? भांडीकुंडी, लाकूडफाटा, होड्या, हे सगळं जागच्या जागी राहतं. बाहेर काढायचा तो जीव. काकीचं म्हणणं, गाडी ढकलत का होईना बाहेर काढ. "खाता, पिता, बोंबलता. मगे जनावरच नाय तां?" वसंतादादा म्हणाला, "आये, ह्यां लोखाण. लोखणाक देव कित्याक भायर काढीत?" तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे देवळातले मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराकडे. त्यांनी डोकं खाजवलं. वाडवडिलांच्या वेळी फटफटी नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी काही ठरलेलं नव्हतं. "इंजान बंद आसा मां? मगे वस्तूच ती. रवांदे," असा त्यांनी निकाल दिला. गाडी मांगरात, लाकूडफाटा ठेवायच्या आमच्या खोपटात, राहिली. बिनसायलेन्सरची, उघड्या तोंडाची. नवा नग पडवीत खुंटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीसाठी काटक्या आणायला गेले. उन्हं नुकतीच माळावर आली होती. गडग्याच्या दगडांपाशी वाळकी शिरडी दिसली म्हणून वाकले, आणि पायाच्या घोट्याशी काहीतरी सणकन लागलं. आधी वाटलं काटा. मग दगडांत घुसणारं ते बोटाएवढं जाड, मातकट अंग दिसलं. आमच्याकडे फुरशाला ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. मी ओरडले नाही. काटक्या तशाच हातात घेऊन झोपडीकडे चालत आले आणि आईला म्हटलं, "आये, फुरसा चावला."

फुरसं चावलं की माणूस लगेच जात नाही, त्यातच त्याचा दुष्टपणा आहे. पाय सुजतो, मग रक्त पातळ होतं आणि वाट मिळेल तिथून येऊ लागतं. मालवणला दवाखान्यात त्याच्यावरचं इंजेक्शन होतं. मालवणला न्यायचं कसं? मोटार यायची ती संध्याकाळी. बैलगाडीने जायचं तर पोचेपर्यंत दिवस मावळला असता. माझ्या तोंडाला रक्ताची चव येऊ लागली होती. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि भोवती सगळा गाव उभा होता.

वसंतादादाने गावाच्या दिशेला पाहिलं. तो कशाकडे पाहतो आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. पळण चालू असताना गावात पाऊल टाकायचं नसतं. कोणी टाकलेलं आमच्या ऐकिवात नव्हतं. त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या जमिनीकडे बघत राहिले. काकीने पदराने हात पुसले. जा असं कोणी म्हणालं नाही. जाऊ नको असंही कोणी म्हणालं नाही. तो वळला आणि चालू लागला, मग माड सुरू झाले तिथून पळत सुटला.

त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. गावात कोंबडा नव्हता, कुत्रं नव्हतं, रहाट नव्हता. वारासुद्धा पडला होता. आणि मग आवाज झाला. पहिल्यांदा एकच धडाका, मग दुसरा, मग एकसारखे. सायलेन्सर असता तर माळावर कदाचित कोणाला कळलंही नसतं. तो तर नव्हताच. रिकाम्या घरांवर, माडांवर आपटून तो आवाज दुप्पट होऊन आमच्याकडे येत होता. देवाच्या मोकळ्या गावात, देवळाच्या पाठच्या बाजूला, कोणीतरी घण घातल्यासारखा. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची टाळत होती.

तेवढ्यात काकीने गजर धरला. भर सकाळी, हातात झाडणी, केस सुटलेले, आणि बेसूर. काकीचा गळा भजनाचा नव्हताच कधी. तिने देवाचं नाव घेऊन जी हाळी दिली ती रडण्याच्या जवळची होती. आणि मग तात्या उठले, झोपडीतून टाळ घेऊन आले आणि तिच्यामागे उभे राहून वाजवू लागले. मग कोणीतरी मृदंग काढला. ढोल काढला. बायका उठल्या, म्हातारे उठले, पोरं थाळ्या बडवायला लागली. अख्खा माळ दुमदुमला. फटफटी जसजशी जवळ आली तसतसा गजर वाढत गेला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण वसंत्याची फटफटी देवाला ऐकू जाता कामा नये, हे सगळ्यांना एकाच वेळी सुचलं होतं.

देवाला फसवायला निघालेला असा गाव मी पुन्हा पाहिला नाही. मला आजही त्या गावाचा अभिमान वाटतो.

वसंतादादा आला तो वेशीपाशी रस्त्यावरच थांबला. त्याने माळाकडे मान वर करून पाहिलं नाही. मला तिथवर आणल्यावर त्याने उचलून मागे बसवलं आणि आईच्या लुगड्याने आपल्या पाठीशी घट्ट बांधलं. इंजिनाच्या उघड्या तोंडातून निळसर जाळ येत होता, पेट्रोलचा वास येत होता. तांबड्या धुळीत आम्ही निघालो आणि मागे गजर किती तरी वेळ ऐकू येत होता. मी त्याच्या पाठीला गाल लावून बसले होते, सदऱ्यावर माझ्या तोंडातलं रक्त लागत होतं. मी वाचले, हे तर दिसतंच आहे. देव तारी त्याला कोण मारी, असं नंतर मला सगळे म्हणाले, पण फटफटीचं नाव कोणी घेतलं नाही.

मी घरी परतले तोवर गाव परत येऊन रुळला होता. आणि त्या सकाळीविषयी चारी वाड्यांत अळीमिळी गुपचिळी. मी विषय काढला तर काकीने माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलां नको गो. आवाज झाकलो, तो झाकलेलो रवांदे. तोंडान बोललां काय देवाक कळला." हे तिने सगळ्या बायकांना सांगितलं होतं, बायकांनी घरोघरी. आणि गावाने पाळलं. एरवी कोणाच्या घरी आमटीत मीठ जास्त पडलं तर संध्याकाळपर्यंत पारावर पोचवणाऱ्या गावाने ते पाळलं.

वसंतादादाने नव्या नळीचं तोंड घासून सायलेन्सर चढवला. गाडी गरीब गाईसारखी चालू लागली. पण तो मात्र बदलला. देवळात भजनाला तो जायचा, तर त्याला पाहून पारावरचं बोलणं थांबायचं. आपल्या तोंडून चुकून काही निसटेल, ही लोकांची भीती. दुकानात त्याला कोणी विचारायचं नाही की चेडू, म्हणजे मी, कशी आहे, कारण चेडू म्हटलं की फुरसं आलं आणि फुरसं आलं की फटफटी आली. तात्या तर त्याला लांबून पाहूनच वाट बदलायचे. शिमग्यापर्यंत तो देवळाच्या पायरीखाली उभा राहून परतू लागला. काकी त्याला समजवायची, "तू कित्याक झुरतंस? कोणी काय म्हणणत नाय." तो मान हलवायचा.

आणि एक दिवस रोजच्यासारखा कामाला निघाला तो मालवणला न थांबता गोव्यात गेला. गोवा तेव्हा नुकता मोकळा झाला होता. काकी मागच्या दारी भांडी घासत होती. गाडी अंगणातून गेलेली तिला कळलंसुद्धा नाही.

म्हापशाला त्याने गॅरेज काढलं, चांगलं चालवलं. दर मे महिन्यात काकी कोणाबरोबर तरी निरोप धाडायची, "ये रे बाबा, कोणी काय म्हणणत नाय." तो पैसे पाठवायचा, कापड पाठवायचा, स्वतः यायचा नाही. ये माझ्याकडे, म्हणायचा. ती वेस सोडून जायला तयार नव्हती. दिवेलागणीला तव्यावर एक भाकरी जास्त टाकायची तिची सवय मात्र सुटली नाही. ती कुत्र्याला जायची. काकी गेली तेव्हा तो आला, अग्नी दिला, आणि खाडीकडूनच परस्पर परत गेला. देवळासमोरचा रस्ता त्याने टाळला.

आता वाटतं, आम्ही सगळे मूग गिळून बसलो आणि त्यालाच पुण्य समजलो. गाव वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट गावाने त्याला चव्हाट्यावर उभा केला असता, चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळं केलं असतं. मी पुढे शिकले, शाळेत शिकवू लागले, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले. आणि त्या सकाळीविषयी मात्र मीसुद्धा बोलले नाही. मला वाटायचं, त्याला तर ठाऊकच असणार. गजर तर त्याने कानांनी ऐकला होता.

काही वर्षांपूर्वी तो फार आजारी आहे असं कळलं म्हणून मी म्हापशाला गेले. दुपारची वेळ होती. खाली गॅरेजात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. वसंतादादा खाटेवर उशीला टेकून बसला होता, हातांच्या नखांत अजून काळं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तोच म्हणाला, "मंदा, त्या दिवशी सगळ्या गावान माझ्या नावान देवाकडे माफी मागल्यान. गजर घातल्यानी. मी वेशीरसून आयकलंय. येवढा मोठा पाप माझ्या हातसून झाला, मगे खंयच्या तोंडान गावात रवतलंय?"

मला आधी कळेचना. मग कळलं तशी मी रडायला लागले. रडत रडतच त्याला सगळं सांगितलं. तो गजर माफीचा नव्हता. तो त्याच्या फटफटीवर पांघरूण घालायला होता. देवाला ऐकू जाऊ नये म्हणून अख्खा गाव घसा फोडत होता, पोरं थाळ्या बडवत होती.

"पयलो कोणी धरल्यान?" त्याने विचारलं.

"काकीन."

त्याने डोळे मिटले. "आये कधी बोलाक नाय."

"बोललां तर देवाक कळात, असा तिका वाटायचा, दादा. म्हणान तिना कोणाकच बोलाक देवक नाय."

"देवाक कळला असता," वसंतादादा म्हणाला, "तर काय झाला असता गो? नारळ ठेवलो असतो, पाया पडलो असतो, आणि घराक इलो असतो."